पाचची मोटर आणि तीन पॉइंट सात

आमच्या धंद्यात मोटरला नाव नसतं, आकडा असतो. तीनची, पाचची, साडेसातची. गिऱ्हाईक पायरी चढतानाच सांगतं, "ताई, पाचची जळाली." पाच काय, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. पाच म्हणजे पाच एचपी. म्हणजे पाच घोड्यांची ताकद.

आता घोडा कुठून आला, ते मला विचारू नका. मी मूळची येवल्याची. आमच्या गल्लीत घोडा एकच, वरातीचा, आणि तोही इतका थकलेला की नवरदेव बसला की त्याचीच कीव यायची. तसले पाच मिळून विहिरीचं पाणी वर चढवणार असतील तर रब्बी गेलीच म्हणायची. पण आपल्याकडे मोटरीची ताकद घोड्यातच मोजतात, आणि दुसरीकडे कंपनीवाले ती वॅटमध्ये आणि किलोवॅटमध्ये मोजतात. ताकद एकच, मोजणारे दोन. यातून एका गावाची गिरणी जवळजवळ गेली होती. तेच सांगायला बसले आहे, आणि सांगताना अजून माझं डोकं तापतं.

नाशिकला पेठ फाट्याजवळ आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार ओढून काढायची आणि त्या जागी नवी तांब्याची तार तितकेच फेरे मोजून भरायची, हे आमचं काम. दुकान यांनी घातलं. यांची नजर अधू झाली तेव्हापासून तार मीच भरते. हे दारात खुर्ची टाकून बसतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "आमच्याकडचं काम बघा, पाच वर्षं हलणार नाही." आमच्याकडचं म्हणजे कुणाचं, ते आतल्या बाजूला नजर टाकली की दिसतं.

मला हे काम जड गेलं नाही, कारण चौथीनंतर शाळा सुटली ती मी कांड्या भरायला बसले. पैठणीच्या मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा ज्या छोट्या नळीवर गुंडाळलेला असतो ती कांडी. रेशीम बोटातून सोडायचं, ताण सारखा ठेवायचा, फेरे मनात मोजायचे. लग्नानंतर नाशिकला आले आणि एक दिवस यांनी हातात तांब्याची तार दिली. रेशीम तुटलं की वडील ओरडायचे, तार तुटली की हे ओरडायचे, एवढाच काय तो फरक.

पण तार भरणं वेगळं आणि मोटर समजणं वेगळं. मोटरीच्या अंगावर एक ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर सगळं कोरलेलं असतं. मी वाचायची हौशी. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकते. एकदा नवी कोरी पाचची मोटर आली, पट्टी पुसली, तर तिच्यावर ३.७.

"अहो, तुम्ही तर पाचची म्हणालात."

"पाचचीच आहे."

"मग हे तीन पॉइंट सात काय?"

"ते कंपनीचं असतं. तू तार मोज."

यांना माहीत नव्हतं असं नाही. यांच्या गुरूनं यांना सांगितलं नव्हतं, अंदाजानं कळलं होतं, आणि अंदाजानं कळलेलं दुसऱ्याला सांगायचं नसतं, अशी आमच्या धंद्यातली रीत. गिऱ्हाइकाला तर नाहीच सांगायचं. त्याला कळलं तर तो आपल्याकडे कशाला येईल?

मग मी माझी शोधायला लागले. जी मोटर येईल तिची पट्टी पुसायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचं. एकच्या मोटरीवर ०.७५. दोनच्या मोटरीवर १.५. तीनच्यावर २.२. पाचच्यावर ३.७. दहाच्यावर ७.५. किलोवॅट म्हणजे हजार वॅट हे मला विजेच्या बिलावरून माहीत होतं. भागाकार करत गेले, तर दर वेळी सातशे चाळीसच्या आसपास काहीतरी यायचं, पण नेमकं एक उत्तर येईना, कारण कंपनीवाले शेवटचे आकडे कापून टाकतात. मग एका गिरणीची जुनी मोटर आली, तिच्या पट्टीवर दोन्ही लिहिलेलं होतं, एचपीसुद्धा आणि वॅटसुद्धा. एक एचपी, सातशे शेहेचाळीस वॅट. मी ती पट्टी दोनदा पुसली. पाच गुणिले सातशे शेहेचाळीस, तीन हजार सातशे तीस. वरचे तीस सोडा, तीन पॉइंट सात. बरोबर बसलं.

(पुढे एका डिझेल इंजिनाच्या पुस्तकात सातशे पस्तीसचा घोडा निघाला. परदेशातला दुसरा घोडा म्हणे, थोडा लहान. त्या दिवशी मी यांच्याशीही नीट बोलले नाही.)

हे सगळं मला कळलं आणि मी काय केलं, तर काहीच नाही. मोटर भरून झाली की लाल ऑइलपेंटनं अंगावर मोठा ५ काढायचा, ही आमची पद्धत होती, ती मी चालू ठेवली. गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. ३.७ त्या रंगाच्या बाजूला बारीक अक्षरात पडून राहायचे.

मग ती बाई आली.

दिवाळी होऊन गेली होती. पेठकडून येणारी बस फाट्याला थांबली, तिच्यातून उतरली आणि समोर बोर्ड वाचून थेट आत आली. चाळिशीची असेल. काटक, कपाळावर गोंदलेलं, पदर खोचलेला. हे बाहेर बसले होते, त्यांना ओलांडून माझ्याकडे आली. रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर एक पट्टी ठेवली. नुसती पट्टी. मोटर नाही.

"मावशी, ही पट्टी खोटी हाय का?"

मी हातात घेतली. ३.७. चारही भोकं वाकडी झालेली.

"अगं, ही काढली कुणी?"

"मीच. पेचकसानं उपटली. मोटर कशी आणू बसमधी? साठ किलोची हाय. हापिसात दाखवायचं व्हतं, तर म्हणलं जेवढं लिवलेलं हाय तेवढं तरी नेऊ."

मी कपाळाला हात लावला. पण तिचं बोलणं ऐकलं आणि मला तिचं म्हणणं पटलं. ऑफिसला लिहिलेलंच लागतं ना, मग लिहिलेलं घेऊन आली. चूक म्हणावी तर ही चूक साठ किलोचं ओझं आणि एसटी, दोन्ही ज्याच्या वाट्याला आहेत तोच करणार.

गोष्ट अशी होती. पेठच्या अलीकडे घाट उतरून आत तिचं गाव. भाताचं आणि नागलीचं गाव. गावात गिरणी नाही. दळण डोक्यावर घ्यायचं, दोन ओहोळ ओलांडायचे आणि पलीकडच्या गावी जायचं. तिथे वीज असली तर दळण, नाहीतर पाटी तशीच परत. बायकांनी बचत गट केला होता, त्या गटाला एका योजनेतून भात भरडायचं यंत्र आणि नागलीची चक्की मिळाली. मोटर गटाने आणायची होती, ती हीच. सरपंचाच्या पोराने विजेच्या जोडणीचा अर्ज भरला. मोटर केवढी? दुकानदार म्हणाला पाचची. म्हणून अर्जात पाच. अर्जाच्या रकान्यात एचपी छापलेलं, म्हणजे तेही बरोबर. मग पाहणी करणारा माणूस आला, त्याने पट्टी वाचली आणि कागदावर लिहिलं, 'अर्जात ५, प्रत्यक्षात ३.७, तफावत.' अर्ज परत.

"आन् योजनेवालं म्हणत्यात, महिनाअखेरला गिरणी चालू दिसली नाय तर यंत्र उचलून दुसऱ्या गटाला देनार. लायनीत लय गट हायेत म्हणं."

पंधरा तारीख उलटून गेली होती.

"दुकानदाराला विचारलं का?"

"इचारलं. तो म्हणतो, एकच हाय, जा. एकच हाय तर दोन आकडे कशाला? आता गटातल्या बाया मला म्हणत्यात, तू पाच सांगून तीनची आणलीस."

बाहेरून हे म्हणाले, "पाचचीच आहे म्हणावं. काही होत नाही."

"तुम्ही शांत बसा," मी म्हटलं. "तुमच्या 'काही होत नाही'मुळेच झालंय हे." खरं तर तुमच्या आणि माझ्या म्हणायला हवं होतं. किती वर्षं मी लाल रंगानं ५ काढत आले.

मी तिला कागदावर गुणाकार करून दाखवला. तिने मान हलवली, पण पटलं नाही हे दिसत होतं. मग मी शटर अर्धं ओढलं आणि तिच्याबरोबर वीज कार्यालयात गेले. पेठच्या ऑफिसाने तिला नाशिकच्या वरच्या ऑफिसात पाठवलं होतं, तिथे.

टेबलावर एक तरुण माणूस होता. उद्धट नव्हता, हेच तर वाईट. उद्धट माणसाशी भांडता येतं. हा हसून बोलत होता.

"आजी, अर्जात पाच आहे. पाहणीत तीन पॉइंट सात आहे. तफावत आहे."

"तफावत नाहीये. पाच एचपी म्हणजेच तीन पॉइंट सात किलोवॅट. अर्ज एकात भरलाय, पट्टी दुसऱ्यात आहे."

"असं कसं? पाच मोठा की तीन मोठा?"

"पाच फूट मोठं की दीड मीटर?"

शेजारच्या टेबलावरचे साहेब खिशातून चष्मा काढून लावायला लागले, म्हणजे आता करमणूक आहे हे त्यांना कळलं होतं.

"ते वेगळं, आजी. तुमचं शिक्षण किती झालंय?"

"चौथी."

"बघा."

"काय बघू? तुमचं किती झालंय?"

"बी.कॉम."

"मग पाचला सातशे शेहेचाळीसने गुणा. हा घ्या कागद."

त्याने कागद घेतला नाही. म्हणाला, "कॉम्प्युटर घेत नाही, आजी. दोन आकडे जुळले पाहिजेत." जणू कॉम्प्युटर कुणी आकाशातून पाठवलाय, आणि त्यात रकाने कुणा माणसाने पाडलेच नाहीत.

आता त्या बाईला वाटलं, पुरावा दाखवावा. तिने रुमाल सोडला आणि पट्टी टेबलावर ठेवली. झालं. त्याचं हसू गेलं.

"ही इथे कशी आली?"

"दाखवाया आनली."

"म्हणजे मोटरीवर पट्टी नाही? बिनपट्टीच्या मोटरला जोडणी देताच येत नाही. ही चोरीची आहे की कशाची आहे ते कसं कळणार? आता मला हेही लिहावं लागेल."

चोरीची म्हणाला. साठ किलोची मोटर गावातल्या बायकांनी चौघी-चौघींनी मिळून उतारावरून खोलीपर्यंत नेलेली, ती चोरीची. ती बाई पट्टी परत रुमालात घालायला लागली. रुमालाचं टोक दोनदा सुटलं.

मला तेव्हा जो राग आला तो कुठे ठेवू हे कळेना, म्हणून मी समोरचा अर्ज उचलला आणि वाचायला लागले. माझी ही जुनी सवय, चिडले की हातातलं काहीतरी वाचत बसते. पुढची बाजू वाचली. मग उलटी केली. पाठीमागे सूचना होत्या, एक ते चौदा. बारीक अक्षरात. नववी सूचना अशी: अर्जदाराने भार एचपीमध्ये दिल्यास तो किलोवॅटमध्ये रूपांतरित करण्यासाठी ०.७४६ने गुणावे.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. मग त्याच्यापुढे धरली.

"हे तुमच्याच अर्जावर आहे. तुम्ही छापलेलं."

त्याने वाचलं. मग मला जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"ते फक्त माहितीसाठी असतं, आजी."

कुणाच्या माहितीसाठी? रोज हे कागद ज्याच्या हाताखालून जातात त्याच्या नाही, तर कुणाच्या? डोक्यावर दळण घेऊन ओहोळ ओलांडणारीने ती नववी सूचना वाचायची आणि पाहणीला आलेल्याने, नोकरी करणाऱ्याने, गाडीवर बसून येणाऱ्याने ती वाचायची नाही? आणि वर तिलाच विचारायचं, शिक्षण किती?

हे मी तिथे बोलले. यातलं बरंचसं बोलले. आवाज चढला असणार, कारण आतल्या केबिनमधले इंजिनीअर साहेब बाहेर आले. त्यांनी अर्ज बघितला, पट्टी बघितली, अर्ध्या मिनिटात म्हणाले, "बरोबर आहे की. पाच एचपीच आहे ही."

अर्धं मिनिट. तीन आठवडे गेले होते त्याच्यात.

"मग द्या जोडणी," मी म्हटलं.

"तसं नाही होत, बाई. पाहणीचा अहवाल चुकीचा आहे, तो मी इथे बसून बदलू शकत नाही. पुन्हा पाहणी करावी लागेल. आणि पट्टी मोटरीवर पाहिजे. आमचा माणूस शुक्रवारी त्या बाजूला जातो. त्याआधी पट्टी बसवा, मोटरीच्या अंगावरचा नंबर आणि पट्टीवरचा नंबर एकच आहे हे त्याला दाखवा. नाहीतर पुढची फेरी पुढच्या महिन्यात."

"पहिल्या वेळी आला त्याला हे माहीत नव्हतं?"

"कंत्राटी आहे तो," साहेब म्हणाले, म्हणजे त्यात सगळं आलं. पण माणूस बरा होता. शुक्रवारची पाहणी त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहिली. बी.कॉम.वाल्याने तोवर दुसरा अर्ज समोर ओढला होता. माफ करा वगैरे शब्द तो शिकला नसावा, तेही बहुतेक नवव्या सूचनेत असेल.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मावशी, त्यांच्या मागल्या बाजूला लिवलंय ना, मग मी तो कागद जपून ठेवते." आणि परत आत जाऊन तिने एक कोरा अर्ज मागून आणला, शेजारच्या दुकानात त्याच्या पाच झेरॉक्स काढल्या, दोन्ही बाजूंच्या. मी म्हटलं, पाच कशाला? ती म्हणाली, "असू द्या."

शुक्रवारी पहाटेच मी डबा भरला. पिशवीत हँडड्रिल, रिव्हेट, हातोडी, पुसायला रॉकेलचं फडकं.

"दुकान कोण बघणार?" यांनी विचारलं.

"तुम्ही. काम तुम्हीच करता ना."

पेठची बस, मग त्यांच्या गावाच्या फाट्यावरून एका टेम्पोत मागे बसून आत. गिरणी अंगणवाडीच्या मागच्या खोलीत होती. भरडायचं यंत्र, चक्की, आणि मधोमध मोटर, तिच्या अंगावर चार भोकांचा पांढरा चौकोन. खोलीत नवीन लोखंडाचा वास होता. कोपऱ्यात भाताची आणि नागलीची पोती रचून ठेवलेली, बायकांनी आधीच आणून ठेवली होती. इतका त्यांचा विश्वास.

मी मोटर पुसली. जोडणीच्या डबीखाली अंगावर नंबर ठोकलेला असतो, तो रॉकेलनं स्वच्छ केला आणि पट्टीवरच्या नंबराशी जुळवला. जुळला. वाकडी भोकं सरळ केली आणि पट्टी रिव्हेटनं बसवली. बायका भोवती जमलेल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर शंका होतीच, आणि शेवटी एक म्हातारी बोललीच.

"पट्टी बसली. पन लिवलंय तीन. आमी तर पाच मागितले व्हते."

"नागली कशात मोजता?" मी विचारलं.

"पायलीत."

"आणि शेरात?"

"शेरातबी. चार शेराची पायली."

"मग तुमच्या पोत्यात आठ शेर नागली आहे आणि मी म्हटलं दोन पायल्या आहे, तर मी सहा चोरले का?"

म्हातारी त्या पट्टीवालीकडे वळली. "आगं मंग आमी तुला येवढं बोललो कशाला?"

"तेच तर," ती म्हणाली. "लय बोलला तुमी."

"पन मावशी," म्हातारीला अजून चैन नव्हतं, "त्यो घोडा कुठं हाय?"

"घोडा नाहीच आहे. कधीच नव्हता."

"मंग ठीक हाय. दाणा कोण घालनार व्हतं त्याला."

पाहणीवाला दुपारी आला, मोटरसायकलवर. पोरगेलासा, घाईत. पट्टी बघितली, नंबर बघितला, मोबाइलवर फोटो काढला. मग मांडीवर नवा फॉर्म, तोच छापील अर्ज, ठेवून भरायला लागला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. भार या रकान्यात आला. पुढे छापलेलं, एचपी. आणि त्याने त्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, ३.७.

तीन पॉइंट सात एचपी म्हणजे पाचची मोटर मंजुरीपेक्षा मोठी. आज जोडणी मिळेल, पुढे कुणीतरी येऊन म्हणेल, भार चोरून वापरता. आणि आत्ता बोललं तर हा म्हणणार, मग परत अर्ज करा, आणि महिना संपणार. ऑफिसात एवढी ओरडणारी मी, तिथे दोन क्षण गप्प बसले. हे सांगायला मला लाज वाटते, पण झालं तसं सांगते. मला भरडायचं यंत्र टेम्पोत चढताना दिसत होतं.

बोलली ती पट्टीवाली.

"दादा, एचपीत पाच लिवा. नायतर किलोवॅट लिवून तीन पॉइंट सात लिवा. दोन्हीतलं अर्धं-अर्धं नका लिवू."

त्याने वर बघितलं. "पट्टीवर जे आहे ते लिहिलंय."

"पट्टीवर किलोवॅट हाय. तुमच्या कागदावर एचपी हाय. सातशे शेहेचाळीसनं गुनायचं. मागल्या बाजूला नव नंबरला बघा."

त्याने कागद उलटा केला. वाचत असताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या, हे मी बघितलं. पण त्याने काय करावं, कागद मिटला आणि म्हणाला, "बरोबर असेल. पण खाडाखोड चालत नाही. माझ्याकडे दुसरा फॉर्म नाही. पुढच्या फेरीला करू."

तिने भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातून एक कोरा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. मग दुसरा. "एक आनखी चुकला तरी चालंल. पाच हायेत माज्याकडं."

कुणीतरी बाई हसली. तोही हसला, नाइलाजाने. नागलीच्या पोत्यावर कागद ठेवून त्याने सगळं परत लिहिलं. भार, एचपी, ५. ती म्हणाली, बाजूला किलोवॅटबी लिवा. तो म्हणाला, जागा नाही. ती म्हणाली, हाय की, आणि बोटाने दाखवली. त्याने बारीक अक्षरात ३.७ किलोवॅट लिहिलं, सही केली, तिचा अंगठा घ्यायला शाईचा डबा काढला, तर तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

परत येताना बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, तरी मी सगळी वाट चिडूनच होते. त्या पोरावर नाही. बी.कॉम.वाल्यावर होते, पण एकट्या त्याच्यावरही नाही. आकडा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. कुणीही, कधीही, काहीही चुकीचं मोजलं नव्हतं. आणि तरी एका बाईला पेठ-नाशिकच्या चकरा माराव्या लागल्या, चोरीचा शब्द ऐकावा लागला, आपल्याच गटातल्या बायकांची बोलणी खावी लागली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही म्हणून. त्यात दुकानदार आला, त्यात हे आले, आणि लाल रंगाचा ब्रश हातात धरून मीही आले. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कॅलेंडरच्या पाठीवर मांडून शोधलं, आणि शोधल्यावर मीही बाकीच्यांसारखीच मूग गिळून बसले.

घरी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे आता प्रत्येक मोटरीवर दोन दोन आकडे काढणार? रंग किती लागेल?"

"लागू दे," मी म्हटलं.

महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा फोन आला. मी तार भरत होते, फेरे मोजत होते, म्हणून यांनीच उचलला आणि स्पीकरवर टाकला. तिकडून ती काहीतरी बोलत होती, पण मागे इतका आवाज होता की शब्द कळेनात. बायका ओरडत होत्या. मग तिने फोन मोटरीजवळ नेला असावा, कारण बाकी सगळं मागे पडलं आणि नुसती गिरणी ऐकू यायला लागली. मी हातातली तार तशीच धरून ऐकलं. मोटर चांगली चालत होती, भरलेल्या पोटाचा सावकाश आवाज. पण दर फेऱ्याला एक फटका पडत होता.

"बंद कर," मी मोठ्यानं म्हटलं. "ऐकू येतंय का? आधी बंद कर. पट्टा सैल आहे. मोटर थोडी मागे ओढून घ्या आणि मग चालू करा."

तिकडे आवाज हळूहळू उतरत गेला आणि थांबला. तिने कुणाला तरी पाना आणायला सांगितलेलं मला ऐकू आलं. मी फेरे विसरले होते, म्हणून तार उकलली आणि पहिल्यापासून मोजायला लागले.